उदयसिंहरावांच्या स्वयंपाकघराची भिंत

कोपरखैरणे

ती. आबामामा यांस,

तुमच्या दिनूचा, मान वर न करता केलेला नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची साखर ताब्यात असेल, आणि त्या चोरून पेढा खातात तेव्हा तुम्ही अजूनही वर्तमानपत्र तोंडासमोर धरत असाल, असं धरून चालतो. इकडे जयमाला बरी आहे. क्षिप्रा पाचवीत गेली आणि बापाला इंग्रजी येत नाही हे तिला कळलं. मी शरीराने ठणठणीत आहे. एवढ्यावर सही करून पत्र पेटीत टाकता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण तुम्ही ज्या माणसाला माझ्यासाठी शब्द टाकलात त्या माणसाशी मी कसा वागलो, हे दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं म्हणून लिहायला बसलो आहे. (दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा हवापाण्यापाशी थांबलो.)

घराचं तुम्हाला ठाऊकच आहे. इथल्या आमच्या खोलीत भाड्याने राहून आम्ही कंटाळलो होतो. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली की जयमाला आपला गॅस बंद करते, इतक्या पातळ भिंती. वरच्या मजल्यावरचे लोक चांगले आहेत, पण ते रोज सकाळी पाटा फरशीवरून ओढतात, कुठून कुठे ते आजवर समजलं नाही. म्हणून वाशीतल्या जुन्या सेक्टरातल्या त्या बैठ्या घरांची रांग जयमालाने पाहिली, तेव्हापासून तिला दुसरं काही दिसेना. रो-हाउस म्हणतात त्यांना. एकाला एक चिकटलेली, पुढे हातभर अंगण, मागे तेवढीच बाग, वर एक खोली आणि गच्ची. वाशी वसली तेव्हाची घरं ती. गल्लीत बदामाची झाडं एवढी वाढली आहेत की दुपारी पोस्टमनसुद्धा सायकलवरून उतरून हळू चालतो. वारा फिरला तर मार्केटातल्या कांद्याचा वास येतो, नाहीतर खाडीचा. एरवी गल्लीत आवाज म्हणून नाही.

तिथे उदयसिंहराव घोरपड्यांचं घर विकायचं आहे, हे तुमच्याच पत्रातून कळलं. कोरेगावच्या शाळेत ते तुमच्या हाताखाली शिकले, तुम्ही त्यांना भूमितीसाठी बाकावर उभं केलं होतं, आणि रबाळ्याच्या कारखान्यात फोरमन होऊन निवृत्त झाल्यावरही ते तुमचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसतात, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. गुरुजींचा भाचा म्हटल्यावर त्यांनी आम्हाला घर दाखवलं नाही, ताब्यात दिलं. कुठला नळ जोरात फिरवायचा नाही, पावसाळ्यात गच्चीचं कोणतं भोक तुंबतं, मागच्या दाराची कडी वरून दाबली तरच लागते, हे सगळं विकणाऱ्याने लपवायचं असतं ना? त्यांनी ते आधी सांगितलं. त्यांच्या पत्नी राजनंदिनीकाकींनी जयमालाला मागे नेऊन अळू आणि गवती चहा दाखवला आणि निघताना दोन्हीच्या जुड्या हातात दिल्या. किंमत त्यांनी सांगितली ती वाजवी होती. वाजवी म्हणजे, मामा, दुसऱ्या कुणी ऐकली असती तर तिथल्या तिथे हात पुढे केला असता. घर का विकता, असं मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दोन माणसांना येवढं घर काय करायचं? गावाकडं जाऊन पडतो." काकी त्या वेळी बशी पुसत होत्या. बशी कोरडी होती.

आता माझी अक्कल कुठे शेण खायला गेली ते ऐका. घरी येताना रिक्षात मला वाटायला लागलं की, ज्या अर्थी माणूस इतक्या सहज किंमत सांगतो त्या अर्थी तो खालीही येईल. मला घासाघीस येत नाही. भाजीवाली म्हणेल तो भाव देऊन मी वर तिच्याकडून फुकटची कोथिंबीर घ्यायलाही विसरतो. पण ऑफिसात सगळे म्हणाले की सांगितल्या किमतीला घर घेणारा माणूस मूर्ख असतो, आणि मूर्ख ठरण्याची मला फार भीती. (लुच्चा ठरण्याची भीती वाटायला हवी होती, हे आता कळतं.)

हल्ली इकडे वास्तुशास्त्राचं भलतंच वेड आहे. तुरभ्याच्या आमच्या कंपनीत मोठ्या साहेबांनी आपलं टेबल फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतलं आहे, त्यामुळे रजेचा अर्ज त्यांच्या पाठीला द्यावा लागतो. घरांचे सौदे या एका गोष्टीवर मोडताना आणि खाली येताना मी ऐकले होते. तेव्हा माझ्या डोक्यात आलं (ऑफिसातल्या गोटीरामच्या नाही, माझ्याच, त्याच्यावर ढकलायचा मोह होतो म्हणून स्पष्ट लिहितो) की एखादा वास्तुतज्ज्ञ नेऊन घरात दोनचार दोष काढावेत, म्हणजे किंमत आपोआप उतरेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

गोटीराम आमच्या आवक-जावक विभागात आहे. पत्रांवर शिक्के मारतो. पण उंच आहे, आवाज खर्जातला आहे, आणि कंपनीच्या गणपतीत नाटकात दरवर्षी ऋषी, राजा किंवा न्यायाधीश होतो. मी त्याला चहा पाजून सगळं समजावलं. "टेन्शन घेऊ नको, दिन्या," तो म्हणाला, "दोष तू सांग, वजन मी टाकतो." मी त्याला तीन दोष पाठ करून दिले: स्वयंपाकघर चुकीच्या दिशेला, जिना चुकीच्या हाताला, पाण्याची टाकी चुकीच्या डोक्यावर. एवढं बोलायचं, मान हलवायची आणि निघायचं. होकायंत्र हवं होतं. क्षिप्राच्या कंपासपेटीच्या झाकणात एक बटणाएवढं बसवलेलं होतं, ते मी सुरीने उचकटून काढलं. (तिला सांगितलं, पडलं असेल. पोर बिचारी शाळेच्या मैदानात शोधून आली.)

रविवारी आम्ही गेलो. गोटीरामने जरीचं उपरणं घेतलं होतं आणि कपाळाला गंध. दारात पाऊल टाकायच्या आधी त्याने चप्पल काढून डोळे मिटले, ते मी शिकवलं नव्हतं. ते होकायंत्र खेळण्यातलं, त्यात घोरपड्यांच्या हॉलमध्ये मोठं लोखंडी कपाट. सुई सारखी त्या कपाटाकडे वळे. गोटीराम घरभर फिरला आणि घरभर उत्तर दिशा त्या कपाटातच निघाली. त्या हिशोबाने स्वयंपाकघर ईशान्येला ठरलं, आणि चूल असावी आग्नेयेला. (मी तसं एका पुस्तिकेत वाचलं होतं.) उदयसिंहराव त्याच्या मागे मागे हात मागे बांधून चालत होते. बाकावर उभं केलेल्या मुलासारखे.

तीन दोष सांगून झाले. उदयसिंहराव प्रत्येकाला "असं का" म्हणाले, आणि पुढे काही बोलेनात. आता निघायचं होतं. पण मामा, नटाला शांतता सोसत नाही. गोटीराम स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, भिंतीवर तळहात ठेवला आणि त्या खर्जात म्हणाला, "या चुलीवर शिजतं, पण बाप-लेक एका पंक्तीला बसत नाहीत."

काकींच्या हातातल्या ट्रेमधले कप वाजले.

मला काहीच माहीत नव्हतं, मामा. गोटीरामला तर त्याहून नव्हतं. गेल्या गणपतीत त्याच्या ऋषीच्या तोंडी अशा धर्तीचं काहीतरी होतं, ते त्याने घराला बसवून टाकलं. पण घोरपड्यांचा मुलगा, शिवा, नेरूळला राहतो. इथून अर्ध्या तासावर. बापाने रबाळ्याच्या कारखान्यात चिकटवून दिलेली नोकरी त्याने सोडली आणि केबल टीव्हीचा धंदा काढला. तेव्हा बाप म्हणाला, घोरपड्यांचा पोरगा लोकांच्या गच्च्यांवर तारा ओढत फिरणार? पोरगा ताट सारून उठला तो उठलाच. त्याचं लग्न झालं तेव्हा हे अक्षता टाकायला गेले आणि न जेवता परतले. नातू झाला, तो काकींनी बाजारात भेटून पाहिला. घरात दूरदर्शन सोडून काही लागत नाही, कारण केबल घेतली तर तार आणायला कोण येईल हे सांगता येत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की उदयसिंहराव खुर्चीवर बसले. तुमचं नाव न निघताही सरळ बसले.

"उपाय?" त्यांनी विचारलं.

"भिंत जायला हवी. चूल तिकडे यायला हवी," असं म्हणून गोटीरामने हॉलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे टीव्ही होता.

परतताना गोटीराम खुशीत होता. "वजन पडलं की नाही?" म्हणाला. मलाही, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. म्हटलं, आता किंमत उतरल्याचा निरोप येणार.

निरोप आला नाही, ते स्वतः आले. आठवड्याच्या मधल्याच एका वारी संध्याकाळी, कडक इस्त्रीचे कपडे, हातात जयमालासाठी अळूची जुडी. आमच्या खोलीत त्यांना बसायला क्षिप्राचा अभ्यासाचा स्टूल दिला. त्यावर अवघडून बसून ते म्हणाले, "दिनानाथराव, तुमाला घर देत न्हाई. रागावू नका."

मी म्हटलं, किमतीचं काही असेल तर बोलू.

"किमतीचं न्हाई. फुकट बी देणार न्हाई. तुमी गुरुजींचे भाचे. तुमाला येवढीशी लेक हाय. माज्या घरानं माजं पोरगं माज्यापासनं तोडलं, आन् ते घर मी जाणूनबुजून तुमच्या गळ्यात बांदू? आदी दोष काडतो. मग बगू."

मी घाईघाईने म्हणालो, अहो, मी हे सगळं मानत नाही. त्यांनी माझ्याकडे फार सरळ पाहिलं. "मानत न्हाई, तर शास्त्रीबुवांना कशापायी आनलं?" या प्रश्नाला मामा, जगात एकच खरं उत्तर होतं आणि ते माझ्या घशात होतं. मी म्हणालो, "चहा घेता ना?"

ते गेल्यावर जयमालाने मला धरलं. तोवर तिला मी एवढंच सांगितलं होतं की ऑफिसातले एक जाणकार सोबत येऊन गेले. मी सगळं ओकलो. ती अळूची पानं पुसत होती. पुसणं थांबवलं नाही. म्हणाली, "घासाघीस करता येत नाही हा तुमच्यातला एक गुण मी माहेरी अभिमानाने सांगत होते." बस्स. त्या दिवशी अळूची भाजी झाली, मला वाढली, आणि ती घशाला खाजली ती नुसत्या अळूने नाही. होकायंत्राचं क्षिप्राने दारामागून ऐकलं. तिने फक्त कंपासपेटी माझ्यासमोर उघडून ठेवली, झाकणाला गोल भोक असलेली, आणि आत गेली.

जयमाला म्हणाली, जाऊन सांगा. मी म्हणालो, सांगतो. पण सांगायच्या आधी मला एक पळवाट सुचली (मला आधी पळवाटच सुचते). गोटीरामलाच परत नेऊन दोष मागे घ्यायला लावावेत. तो तयार झाला, कारण त्यालाही झोप लागत नव्हती. गेला, पुन्हा होकायंत्र धरलं, आणि म्हणाला की गणितात चूक झाली होती, घर निर्दोष आहे. उदयसिंहरावांनी ऐकून घेतलं, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सांगताय. मोटं मन हाय तुमचं." आणि त्याला दक्षिणा म्हणून नारळ दिला. गोटीराम तो नारळ घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. आम्ही दोघांनी त्या नारळाकडे पाहिलं. फोडायची हिंमत झाली नाही. तो अजून आवक-जावकमध्ये पत्रांवर वजन म्हणून ठेवला आहे.

पुढच्या रविवारी मी एकटा, खरं सांगायच्या तयारीने गेलो. गल्लीच्या तोंडालाच ठाक ठाक ऐकू आलं. ज्या गल्लीत पोस्टमन हळू चालतो तिथे लोक अंगणात येऊन उभे होते. उदयसिंहराव बनियनवर, डोक्याला पंचा, हातात घण, स्वयंपाकघराची भिंत पाडत होते. कामाला माणूस लावला नव्हता. "माज्या घरचा दोष, मीच काडनार," म्हणे. चूल केव्हाच हॉलमध्ये आली होती. टीव्ही पलंगावर, सिलिंडर टीव्हीच्या जागी, मसाल्याचे डबे त्या लोखंडी कपाटात. सगळ्या घराला चुना आणि मोहरी यांचा एकत्र वास. भिंतीपलीकडच्या मुक्ताबाई कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. त्यांच्या मांडणीवरचं पातेलं या ठोक्यांनी खाली आलं होतं. त्या मला म्हणाल्या, "तुमीच ना त्ये, दोस काडनाऱ्याला घेऊन आल्याले? माझं पातेलं बी तुमीच उचला."

मी पातेलं उचललं. मग घमेलं उचललं. सांगायला गेलेला माणूस दुपारपर्यंत त्या भिंतीच्या विटा मागच्या बागेत नेऊन टाकत होता. गवती चहा त्या ढिगाखाली गेला. प्रत्येक घमेल्याला वाटे, आता सांगू. पण साठी ओलांडलेला माणूस घामाने निथळत एका चांगल्या, सरळ, काहीही गुन्हा न केलेल्या भिंतीवर घाव घालतो आहे, त्याला मधेच थांबवून कसं सांगायचं, की काका, ही कपाटाने ठरवलेली दिशा आहे?

शेवटची वीट पडली आणि ते घण टेकवून उभे राहिले. म्हणाले, "काल शिवाला फोन केला."

मी घमेलं खाली ठेवलं.

"नाक्यावरच्या बूथवरनं केला. म्हनलं, पोरा, घराचा दोष हुता. तुजा बी न्हाई, माजा बी न्हाई. चूल वाकडी हुती. त्यो म्हनाला, आण्णा, भिंत कुटली? मी सांगितली. म्हनाला, एकट्यानं पाडू नका, मी येतो." आणि एवढं बोलून त्यांनी पंचाने तोंड पुसलं, तोंडावरचा चुना गालभर झाला.

तो आलाच. मी निघायच्या बेतात असताना स्कूटरवरून आला, मागे बायको, तिच्या मांडीवर पोर. अंगणात थांबला. बाप दारात. कुणीच कुणाच्या पाया पडलं नाही, गळ्यात पडलं नाही. शिवाने त्या मोडक्या भिंतीकडे पाहिलं, आत गेला, छत निरखलं आणि म्हणाला, "वर टेकू कुठं दिलाय? स्लॅब अंगावर आली असती ना." बाप म्हणाला, "फोरमन हुतो मी." शिवा म्हणाला, "माहीत हाय." मग दोघंही टेकू लावायला लागले. काकींनी हॉलमधल्या शेगडीवर पिठलं टाकलं. विटांच्या धुळीत पानं मांडली. मलाही बसवलं, आणि बाप-लेक एका पंक्तीला बसले. उदयसिंहराव सुनेला सांगत होते, "हे दिनानाथराव. ह्यांच्यामुळं समदं." माझ्यापुढे पिठलं, भाकरी आणि हिरवा ठेचा. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

हात धुवायला मागे गेलो तेव्हा काकी एकट्या होत्या. मी सांगितलं. सगळं. गोटीराम कोण, होकायंत्र कुठलं, कशासाठी आणलं. त्या भांडी विसळत होत्या. नळ बंद केला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही आत्ता का सांगता? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?"

मी विसळलेलं एक ताट उचलून पालथं ठेवलं.

"ते तुमचं तुम्ही वाहा. त्यांना सांगू नका. ह्या माणसाला आपण चुकलो म्हणता येत नाही, पोराला बी येत नाही. भिंत चुकली म्हणता आलं. माझं पोरगं आज माझ्या हातचं जेवलं, दिनानाथराव. ते आता परत नेऊ नका." नळ पुन्हा सोडला, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "तुम्ही केलं ते वाईटच केलं. पिठलं आणखी हवं तर घ्या."

तेव्हापासून माझी शिक्षा चालू आहे, मामा, आणि ती कौतुकाची आहे. उदयसिंहराव भेटेल त्याला माझं नाव सांगतात. घर अर्थातच विकायचं राहिलं. शिवा, सून, नातू तिथेच राहायला आले. हॉलमध्ये मोडलेल्या भिंतीच्या जागी कमान केली, आणि तिच्यावरून शिवाने केबलची तार इतकी सुबक नेली आहे की बाप ती पाहुण्यांना दाखवतो. आणि "तुमचं घर गेलं माज्यापायी" म्हणून तो माणूस हळहळला आणि मुक्ताबाईंकडे गेला. त्यांना कोल्हापूरला लेकीकडे जायचंच होतं. तुमच्या विद्यार्थ्याने त्यांना सांगितलं, "घर द्यायचं तर ह्या मानसाला द्या. स्वताच्या पदराला खार लावून आमचा दोष शोदला." मुक्ताबाई मला म्हणाल्या, "घोरपडे म्हनत्यात म्हंजे तुमी सरळ मानूस असनार. मला काय तसं वाटत न्हाई. पर त्यांचा शब्द हाय." आणि घर दिलं. त्यांनी सांगितली ती किंमत मी एका शब्दाने न बोलता मान्य केली. जयमाला शेजारी बसली होती.

तर घर झालं. गच्ची गळते, मागे शेवग्याचं झाड आहे आणि त्यावर सुरवंट आहेत, उजवीकडची भिंत घोरपड्यांची आहे. त्या भिंतीतून मला रोज सकाळी उदयसिंहरावांचं नातवाशी बोलणं ऐकू येईल. काकी वाटी घेऊन आल्या की माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवतील. हे असं किती वर्षं, ते सांगता येत नाही. घर तर जन्मभरासाठी घेतात. वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे, मामींना घेऊन या. तुम्ही आलात की उदयसिंहराव तुमच्यासमोर माझी स्तुती करतील. त्या वेळी कृपा करून माझ्याकडे पाहू नका.

क्षिप्राला नवी कंपासपेटी आणली. तिने ती घेतली आणि जुनीच वापरते आहे.

मामींना नमस्कार. तुमचा,

दिनू

ता. क. — तुमचं कार्ड परवा मिळालं. उदयसिंहरावांनी तुम्हाला लिहिलं, आणि तुमच्याही घराची दिशा बघायला "त्या शास्त्रीबुवांना" पाठव असं तुम्ही मला कळवलंत, म्हणूनच एवढं लांबण लावलं. मामा, हात जोडतो, देवघराच्या भिंतीला हात लावू नका. मामींची साखर देवघरामुळे नाही, पेढ्यांमुळे आहे. शास्त्रीबुवा पत्रांवर शिक्के मारतात.

ता. क. २ — हे पत्र लिहून होईतो गोटीराम आज सकाळच्या एसटीने तुमच्याकडे निघालासुद्धा. तिकीट उदयसिंहरावांनी काढून दिलं, मला नाही म्हणता आलं नाही. पत्राआधी तो पोचेल. त्याला चहा द्या, जेवायला घाला, वाईट माणूस नाही. हल्ली त्याचा स्वतःचाच थोडा विश्वास बसायला लागला आहे. घरी त्याने पलंग फिरवला आहे आणि आता बायकोचे पाय दाराबाहेर येतात. तो जे जे पाडायला सांगेल ते सगळं "हो" म्हणून ऐका आणि काही पाडू नका.

ता. क. ३ — मात्र एक गोष्ट. नानामामा आणि तुम्ही भिंतीला भिंत लावून राहता आणि आजीच्या तेराव्यापासून एकमेकांशी बोलला नाहीत. कशावरून, ते आता तुम्हा दोघांनाही धड आठवत नसेल. गोटीराम तुमच्या ओट्यावर उभा राहून म्हणेल की दोन भावांतला अबोला तुमच्या पुढच्या दाराच्या उंबऱ्यात आहे, तो बदलला की संपेल. बाकी सगळं त्याच्या मनाचं असेल. हे एक वाक्य मी त्याला शिकवून पाठवलं आहे. उंबरा काही फार मोठा नसतो, मामा. बदलून टाका.